बिनरेषांच्या डब्या

विकायला बसून आपल्याच मालाला नावं ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "हे घेऊ नोको, लाल निघालं," असं म्हणत ती साबणाची वडी पुढे करायची. गिऱ्हाइकानं तरीही घेतली, तर वर ऐकवायची, "घे बाई. कातडी तुही आहे, मी कोण सांगणारी?" आमच्या देऊळघाटात तिला सगळे बांगडीवाली खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दर मंगळवारी ती बुलढाण्याहून एसटीनं यायची. हातात बांगड्यांची पेटी, खांद्याला पिशवी, पिशवीत साबण, पावडर, काजळ, टिकल्या, क्रीम. बांगडी भरताना ती पंजा असा काही दाबायची, की हाडं विरघळली असं वाटावं. नेमक्या त्या क्षणाला ती बाईला सासूबद्दल विचारायची. "सासूचं नाव काढलं का बाईचं ध्यान हातातून निघून जाते," हे तिचं शास्त्र. मला तेव्हा सासू नव्हती, म्हणून ती माझ्याकडे कॉलेजच्या गणिताच्या सरांची चौकशी करायची. परिणाम तोच व्हायचा.

मी बुलढाण्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे मला सगळंच कळत होतं. खालाला तिच्या जावयानं त्याचा जुना फोन दिला होता. एका मंगळवारी आमच्या ओसरीवर बसून, निव्वळ हुशारी दाखवायला, मी त्यात एक ॲप टाकून दिलं. पाकिटावरच्या बारकोडच्या काळ्या रेषांवर फोन धरायचा. आत काय काय घातलंय ते बघून तो सांगतो. हिरवं म्हणजे चांगलं, नारिंगी म्हणजे चालवून घ्या, लाल म्हणजे नको. खालाला वाचता येत नव्हतं. "शाळेच्या फाटकापाशी सात वर्सं बांगड्या विकल्या, आत तेवढी गेली नाही," म्हणायची. पण रंगांत तिचा जन्म गेला होता. पोपटी, मेहंदी, अंगुरी, मोरपंखी असे हिरव्याचेच दहा-बारा प्रकार ती बांगडी हातात न घेता सांगायची. लाल कळायला तिला माझी गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी तिनं स्वतःची पिशवी ओसरीवर पालथी केली. एकेक वस्तू उचलायची, फोन धरायची, खाली ठेवायची. लाल, लाल, नारिंगी, लाल. एक खोबरेल तेल तेवढं हिरवं निघालं. तिनं तो ढीग पुन्हा पिशवीत भरला. मग म्हणाली, "मंग मी एवढी वर्सं काय विकून राह्यली होती?"

पुढच्या मंगळवारपासून तिचं ते "लाल निघालं" सुरू झालं.

हळूहळू ती घराघरातल्या फडताळापर्यंत पोचली. आईनं एकदा चहाबरोबर बिस्किटं ठेवली, तर खालानं आधी पुडा मागून घेतला आणि फोन धरला. लाल. आई चिडली. "खाला, आमच्या पाहुणचाराले पास-नापास करून राह्यल्या का तुम्ही?"

"तुमाले नाही वहिनी, कंपनीले," खाला म्हणाली आणि पाच बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. "माह्या आतून आता कोण पाह्यते?"

तिनं ॲपचं सगळंच ऐकलं असंही नाही. पाकिटातलं तूप त्यानं लाल ठरवलं, तेव्हा ती मला म्हणाली, "याच्या मायनं याले तूप चारलं नसन." मलकापूरच्या पापडाच्या पुड्यापुढे तर ॲप नुसतंच फिरत राहायचं आणि शेवटी ही वस्तू माहीत नाही असं कबूल करायचं. "याले आपला जिल्हाच माहीत नाही," असं म्हणून खाला पापड भाजायला सांगायची. तिची स्वतःची काळी मेहंदी मात्र लाल निघाली, तेव्हा तिनं ती त्याच आठवड्यात बंद केली आणि साधी मेहंदी लावली. पुढच्या मंगळवारी गाजरासारखं डोकं घेऊन एसटीतून उतरली. "हे पाह्य पोरी, आता मीच लाल निघाली."

धंदा अर्थातच बसला. मोटारसायकलवरून एक नवा फेरीवाला येऊ लागला. त्याच्याकडे ॲप नव्हतं, त्यामुळे त्याचा सगळा माल चांगला होता.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. मी सावळी. माझ्या लग्नाचं बघायला लागल्यापासून आईला ती गोष्ट नव्यानं कळल्यासारखी झाली होती. वर्षभरापूर्वी तिनं खालाकडूनच एक गोल डबी घेतली होती; खालाकडचा तो माल ॲप येण्याआधीच संपला होता. डबीवर गोऱ्या बाईचं चित्र आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. दोन महिन्यांत मी अशी उजळले, की मैत्रिणी पत्ता विचारू लागल्या. लावायचं थांबवलं की चेहरा काळवंडायचा आणि खाज सुटायची, म्हणून थांबवत नव्हते. शेवटी लावूनही काळवंडायला लागला. उजव्या गालावर डाग उठले. मी बीएस्सीला असल्यानं मला हे सगळं उन्हामुळे होतंय असं वाटत होतं.

बांगड्या भरताना खालाचं माझ्या गालाकडे लक्ष गेलं. "डबी आण," ती म्हणाली. मी आणली. तिनं ती फोनखाली धरली, फिरवली, उलटी केली, झाकण काढून आतून पाहिलं.

"याच्यावर तं रेषाच नाही."

"परदेशी आहे ना खाला," मी म्हटलं.

"बनवणाऱ्याले आपलं नाव सांगायची लाज वाटली," ती सावकाश म्हणाली, "आन् मी हे पोरींच्या तोंडाले लावाले विकलं."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती पुन्हा आली. पेटी नव्हती. मला बुलढाण्याच्या कातडीच्या डॉक्टरकडे न्यायला आली होती. आई म्हणाली, दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर सोयरिकीत अडचण होईल. खाला म्हणाली, "म्हणा का खालाले दाखवाले नेलं." मी गेले.

डॉक्टरांनी गाल पाहिला, डबी पाहिली आणि वास घेऊन लांब ठेवली. "यात पारा असेल, नाहीतर स्टेरॉइड असेल, नाहीतर दोन्ही. कुठून घेतलं हे?"

मी काहीतरी खोटं जुळवत होते. खालानं पदर सारखा केला. "माह्यापासून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. ती मान खाली घालून शेवटपर्यंत उभी राहिली. मग त्यांनी विचारलं, किती जणींना विकलं? वही तिच्याकडे नव्हतीच. पण तिला गिऱ्हाइकं मनगटावरून, बांगडीच्या मापावरून लक्षात असायची. ती तिथंच पुटपुटू लागली. दोन-चारवाली सरपंचाची सून, दोन-सहावाली मास्तरीणबाई, दोन-आठवाली दळणाच्या चक्कीवाली. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं तरी तिचं संपलं नव्हतं.

त्यानंतरचे चार महिने खालानं काही विकलं नाही, उलटी फिरली. गावोगाव जाऊन डब्या परत मागायची आणि बदल्यात डझनभर काचेच्या बांगड्या भरून द्यायची. बायका देईनात. "मले तं सूट झाली," म्हणायच्या. कुणी म्हणालं, खाला हीच डबी आता दुसरीकडे महाग विकते. एका घरी तिच्यावर कुत्रं सोडलं. ते तिला ओळखत होतं, म्हणून शेपूट हलवत उभं राहिलं. अर्ध्या उरलेल्या, खरवडलेल्या, झाकण नसलेल्या डब्या ती पोत्यात टाकायची.

आमच्या घरची डबी तिनं दवाखान्यातून थेट आपल्याच पिशवीत टाकली होती. तरी ती एका मंगळवारी आली आणि आईसमोर बसली. "वहिनी, दुसरी द्या."

"दुसरी कोणती?"

"तुमच्या कानापाशी रंग फुटला. मी बांगडीवाली आहे, मले दोन रंगांतला फरक दिसते."

आई लाल झाली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, शेतातून आल्यावर, आरशासमोर ती लपून क्रीम लावत होती आणि मला पत्ता नव्हता. ती उठली, देव्हाऱ्यामागून डबी काढून आणली. खाला तिला हसली नाही. तिनं आईचा हात ओढून घेतला, पंजा दाबला आणि तिच्या सासूबद्दल विचारलं.

सगळ्यात मोठा प्रश्न पुढेच होता. पोतं टाकायचं कुठे? नाल्यात टाकलं तर म्हशी पितात. शेतात पुरलं तर पिकात येतं. जाळलं तर धूर. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे नको. मी प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला येणार नाही. खालानं पोत्याचं तोंड शिवलं आणि घरच्या माळ्यावर ठेवलं. गुडघे गेल्यावर ती नांदुऱ्याला मुलीकडे, शबानाकडे राहायला गेली, तेव्हा पोतंही सोबत गेलं. माझं लग्न झालं, माझ्याच रंगात. मलकापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवू लागले. मधूनमधून तिचा फोन यायचा. नातवाच्या कुरकुऱ्यांवरून तिचं सुनेशी नाही, मुलीशीच भांडण चालायचं.

मागच्या वर्षी खाला गेली. मी नांदुऱ्याला गेले तेव्हा शबानानं चहा दिला, मग मला माळ्याखाली नेलं. "अम्मी बोलली होती, हे ताईले दे. कोणा पोरीच्या हाती लागू देऊ नोको."

काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं, आजही नाही. शाळेतून दोन कार्यालयांना पत्रं पाठवली आहेत. एकानं दुसऱ्याकडे विचारा म्हणून कळवलंय. त्या दिवशी मात्र मी पोतं घेऊन एसटीत बसले. शेजारी एक बाई होती, मांडीवर तिची पाच-सहा वर्षांची मुलगी.

"काय आहे ताई पोत्यात?"

"क्रीम," मी म्हटलं.

"गोरं होते का?"

खोटं बोलावंसं वाटेना. "होते," मी म्हणाले.

तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे सरकली. "मंग एखादी द्या ना."

मी चपला काढल्या आणि मलकापूर येईपर्यंत दोन्ही पाय पोत्यावर दाबून बसून राहिले.