व्याह्यांची चालती खोली

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही वस्तू टाकून दिलेली नाही, आणि एकही वस्तू होती तशी राहू दिलेली नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं फिटर होते. बाकीचे लोक निवृत्त होताना शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, हे फक्त पान्हा घेऊन आले, असं त्यांचे सोबती सांगतात. त्यांच्या घरी शिलाई मशीनच्या चाकावर ताक घुसळलं जातं, सायकलच्या पंपाने आंब्याला औषध फवारलं जातं, आणि दारावरची घंटा वाजवली की आधी स्वयंपाकघरातला दिवा लागतो, मग घंटा वाजते. तसं काहून, म्हणून विचारलं तर म्हणतात, "आपली बाई कामात असते जी. आधी उजेड दिसला की दचकत नाही." माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते भंडाऱ्याला आमच्या घरी आले तेव्हा वरचा पंखा कुरकुरत होता. दोन मिनिटं त्यांनी दम धरला, मग स्टूल मागितलं. पुढची सगळी बोलणी त्यांचे पाय आमच्या तोंडासमोर असताना झाली. देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा वरून आवाज आला, "मले काही नोको. एक पेचकस असंल तं द्या." त्याच क्षणी माझ्या बायकोने पोरगी त्या घरात द्यायची ठरवून टाकली.

निवृत्तीनंतर त्यांनी भंडाऱ्याजवळच्या एका गावात रस्त्याला लागून घर बांधलं. वर्षभराने एका भंगारवाल्याकडे त्यांना एक ट्रक दिसला. लांब नाकाचा, माझ्या शाळेच्या दिवसांत रस्त्यावर दिसायचे तसला. कुठल्याशा खात्याचे साहेब जंगलात मुक्कामाला जायचे, त्यांच्यासाठी त्याच्या पाठीवर लाकडी खोली बसवलेली होती. खोलीला दोन खिडक्या, आत वर-खाली दोन फळ्या झोपायला आणि एक दुमडणारं टेबल. म्हणजे हे सगळं एके काळी होतं. व्याह्यांनी घेतला तेव्हा फळीला हात लावला की फळी हातात यायची. दोराने ट्रॅक्टरला बांधून ट्रक घरी आणला, आणि हे इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसून गावाला हात दाखवत आले. आमच्या विहीणबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी ट्रक पाहिला, नवऱ्याला पाहिलं आणि आत जाऊन कडी लावली.

काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं, पण तीन आठवडे लांबलं. भंगारवाल्याची एक कोंबडी खोलीतच अंडी घालून बसली होती आणि ट्रकसोबत ती पण आली. मी पाहायला गेलो तर व्याही झाडाखाली स्वस्थ बसलेले. ठोकाठोकी कधी सुरू करणार म्हणून विचारलं, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला इवाईबुवा, आत बाळंतीण हाये." पिल्लं निघाली, आईच्या मागे उड्या मारत खाली उतरली, तेव्हाच पहिला खिळा उपटला गेला.

मग मात्र ते घर घर राहिलं नाही. इंजिन उघडलं गेलं आणि त्याचे भाग घरातल्या भांड्यांत भरले गेले. विहीणबाईंनी कणीक मळायला परात काढली तर त्यात चार पिस्टन रॉकेलमध्ये आंघोळ करत होते. जुने सुटे भाग कुठे मिळेनात, म्हणून व्याही नमुना खिशात घालूनच फिरायचे. एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी शेजाऱ्याच्या पानाजवळ एक झिजलेली चकती ठेवली आणि हळूच विचारलं, "अशी कोठी पाह्यली काय?" शेजाऱ्याने ती बाजूला सारली, पण त्याच्या पलीकडच्या माणसाने पाहिली होती. साकोलीकडे कुणाच्या तरी बंद पडलेल्या धानमिलच्या मागे तसलाच ट्रक गवतात पडलेला होता. व्याही पान अर्धवट टाकून उठणार होते, मी धोतर धरून बसवलं.

सडक्या फळ्या गेल्या, जुन्या पलंगाचं सागवान आलं. खालचा सांगाडा खरवडून, तांबडा रंग मारून नवा झाला. छतावर सोलरची पाटी बसली, आत बॅटरी, दोन पंखे, पाण्याची टाकी, भांडी घासायला छोटी मोरी आणि चढायला कठडा असलेली दुमडती पायरी. दर भेटीत ते मला काहीतरी नवीन दाखवायचे. फक्त मागच्या कोपऱ्यात एक पडदा होता. तिकडे गेलो की म्हणायचे, "ते अजून झालं नाही जी."

त्याच सुमारास त्यांचं आमच्याकडे येणं वाढलं, आणि आले की ते न्हाणीघरात जाऊन अर्धा-अर्धा तास बसायचे. माझी बायको काळजीत पडली. "पोटाचं काही असंल काय हो त्याइचं?" एकदा ते बाहेर आले तेव्हा हातात टेप आणि कानावर पेन्सिल. वहीत आमच्या कमोडची उंची लिहिलेली होती. मग त्यांनी गंभीरपणे माझ्या बायकोला विचारलं, "ईनबाई, बसून उठताना तुमी हात कुठं टेकवता?" माझी बायको लाजून स्वयंपाकघरात गेली. मी त्या क्षणी ठरवलं की कारखान्यातल्या आवाजाने माणसाच्या डोक्यावर थोडा परिणाम होत असावा.

विहीणबाईंचं माहेर सानगडीला. तिथे त्यांची एकच थोरली बहीण. घरापासून दीड-दोन तासांचा रस्ता, पण विहीणबाई सहा वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. गुडघे गेले होते हे खरं, पण मोटारीत बसवून न्यायला माणसं तयार असायची. त्या एकच म्हणायच्या, "मले नाही जमत." लोक त्यांना हट्टी म्हणायचे, मीही मनात म्हणायचो. आता बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं. बहिणीने फोनवर सांगितलं, "तू नाही आली तं मी मांडवात पाय ठेवत नाही." विहीणबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी व्याही म्हणाले, "आपण घर घेऊनच जाऊ." त्या चिडून म्हणाल्या, "ते धूड सुरू झालं तं येईन. नाही झालं तं भंगारात टाकीन. ते पण, अन् तुमचे पान्हे पण!"

लग्नाला वीस दिवस होते. व्याही झोपेपुरतेच ट्रकखालून निघायचे. लग्नाच्या तीन दिवस आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. गल्ली जमली होती. त्यांनी बोनेटला हळद-कुंकू लावलं, आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा नुसतंच खोकलं. कुणीतरी हसलं. विहीणबाई दारातून पाहत होत्या, आणि मला वाटलं, त्याच सगळ्यात जास्त देव देव करताहेत. तिसऱ्यांदा काळा धूर निघाला, झाडावरचे सगळे कावळे उडाले, आणि ट्रक असा गरजला की शेजारच्या घरातली थाळी फळीवरून खाली आली. व्याही खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "सुरू झाली." मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. धूर गेला म्हणे.

तपासणीचे कागद त्याआधीच झाले असते, पण गाडीच धावत नव्हती. दुसऱ्या दिवशी आरटीओचे साहेब खोलीत चढले, फळीवर बसले, पंख्याखाली पाच मिनिटं डोळे मिटून राहिले, आणि मगच ब्रेक पाहायला खाली उतरले.

लग्नाला आम्ही चौघं निघालो. बाया मागे खोलीत, मी पुढे व्याह्यांजवळ. लाखनीपर्यंत आम्हाला दोन ट्रॅक्टर आणि दूधवाल्याची एक लुना मागे टाकून गेले. व्याह्यांना त्याचं काही नव्हतं. लाखनी मागे पडल्यावर त्यांनी धानाच्या बांध्यांजवळ गाडी बाजूला घेतली, मागे गेले, आणि मला पण बोलावलं. त्यांनी तो कोपऱ्यातला पडदा ओढला. आत पांढराशुभ्र कमोड. दोन्ही बाजूंना धरायला गुळगुळीत सागवानी दांडे, समोर पाण्याचा नळ, वर छोटी खिडकी, आतून कडी.

विहीणबाई पाहत राहिल्या. मग पुढे झाल्या, दांडा धरून पाहिला आणि आतून कडी लावली. आम्ही तिघं खाली उतरलो.

"कारखान्याच्या बसनं एकदा देवाले गेलो होतो," व्याही बांधाकडे पाहत म्हणाले. "दिवसभर हिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं इचारलं, पाणी काहून नाही पिलं? हे म्हणते, जायचं कुठं? गुडघे वाकत नाही, उघड्यावर बसता येत नाही. तवा समजलं, हे माहेरी काहून जात नाही. तिथं पण खाली बसायचंच हाये." वर कडी वाजली. विहीणबाई बाहेर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डावा दांडा बोटभर खाली पाह्यजे होता." व्याह्यांनी खिशातून वही काढून ताबडतोब लिहून घेतलं.

सानगडीला आमच्या ट्रकचं जे झालं ते नवरदेवाचंही झालं नाही. माणसं इंजिनाभोवती जमली आणि व्याही एकेक नट समजावू लागले. पण अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की खरी गर्दी मागच्या बाजूला आहे. विहीणबाईंनी बहिणीला कोपरा दाखवला होता. बहिणीने जावेला सांगितलं, जावेने नणंदेला. काठी टेकवत, एकमेकींना धरत गावोगावच्या म्हाताऱ्या पायरीपाशी रांगेत उभ्या होत्या. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, भटजी हाका मारतात, आणि निम्मी आजी मंडळी ट्रकमागे. शेवटी विहीणबाई कठड्याला धरून वरून ओरडल्या, "अक्षता टाकून या गं बायांनो, रांग मोडत नाही मी कोणाची!" व्याही सफारी घालून हापशीवरून बादल्या आणत होते. एका म्हातारीने खाली उतरताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. इंजिनाचं कौतुक ऐकताना जेवढे फुलले नव्हते, तेवढे ते तेव्हा फुलले. दोघी बहिणी मात्र पंगती उठेपर्यंत त्या खोलीतच एका फळीवर बसून होत्या. सहा वर्षांचं बोलणं होतं.

परतताना वाटेत गाडी थांबली तेव्हा काही पाहिजे का, म्हणून मी मागे गेलो. दार उघडंच होतं. माझी बायको खिडकीशी बसून पाणी पीत होती. मान मागे टाकून, सावकाश, अख्खी बाटली. मी पाहतच राहिलो. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एसटीने, रेल्वेने आम्ही कुठे कुठे गेलो. दर वेळी ती ओठ ओले करायची आणि बाटली माझ्याकडे द्यायची. मला वाटायचं, माझ्यासाठी राखते आहे.

"तू कधी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. "तुम्ही मास्तर माणूस. मले वाटलं, आज ना उद्या तुम्हालेच समजन."

मी पुढे जाऊन बसलो. गाडी निघाली. व्याह्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. "काहून गप्प जी, इवाईबुवा?"

"काही नाही. जरा हळू घ्या."

"याहून हळू घेतली तं गाडी मागं जाईन," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मागच्या खोलीतून दोघींच्या गप्पांचा आवाज येत होता. आजवर मी तिला इतकी गावं दाखवली, त्यातली किती तिने तहानलेलीच पाहिली असतील, हे आठवत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.