दिवा वाचणारे मामा

खोटं बोलणाऱ्या माणसाकडे स्कॅनरमामा फार कौतुकानं बघायचे. जुनी गाडी घेऊन कुणी त्यांच्या दहिवलीच्या अंगणात आलं, की आधी गाडीकडे बघायचंच नाही. ओट्यावर बसल्या बसल्या विचारायचं, "इंजिनाचा पिवळा दिवा कवापास्नं लागलाय?" समोरचा हमखास सांगणार, "कालच." मग मामांचा चेहरा खुलायचा. "कालच ना? सगळ्यांचा कालच लागतो. परवा लागलेला दिवा अजून माज्या बघण्यात आला नाय."

मामा रसायनीच्या एका कारखान्यात मीटर आणि सेन्सर सांभाळायचे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर माणसं शेत बघतात, नाहीतर भजनी मंडळात जातात. मामांनी तळहाताएवढा स्कॅनर विकत घेतला. त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचली, की दिवा कशामुळे पेटलाय ते त्याच्या पडद्यावर उमटायचं, आणि एक बटण दाबलं की दिवा विझायचा. त्यापुढचं काम मामा करत नसत. "गाडीला पाना लावणार नाय. मी डाक्टर नाय, रिपोर्टवाला हाय," असं पहिल्याच भेटीत बजावायचे. दिवा विझवताना वर ताकीद द्यायचे, "इझवला म्हंजे बरा झाला नाय. पळसदरीला परत पेटला तर माज्या नावानं शंख करायचा नाय."

आमच्या भागात फार्महाऊसं झाली तशा मुंबईकरांच्या वापरून झालेल्या गाड्याही झाल्या. त्या आमचे लोक घेत, पण मामांना दाखवल्याशिवाय नाही. मुलीचं स्थळ आलं की पत्रिका दाखवावी, तशी गाडी मामांकडे यायची. मामाही जोशीबुवांचा आव आणून सांगायचे, "मंगळ हाय, पण सौम्य. घ्या." एवढ्यावर व्यवहार ठरायचे. मेकॅनिक बिचारा नंतर अक्षतांना बोलावला जायचा.

एकदा एक साहेब झकपक गाडी घेऊन आले. मामांनी वायर लावली. एकही दोष निघाला नाही. साहेब खूश, आणि घेणारा आमच्याच आळीतला पोरगा त्याहून खूश. मामा मात्र पडदा खालीवर करत बसले. गाडी स्वतःच्या तपासण्या स्वतः करत असते, आणि दिवा पुसला की त्यांची पाटीही कोरी होते, पुन्हा भरायला काही दिवस गाडी पळावी लागते, हे दिवा पुसून आलेल्या साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. मामा त्या पोराला अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ध्यानात ठेव रं. जुन्या गाडीत दोष दिसला तर घे. कायच नाय दिसलं तर पळ!" साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

तोंड ही मामांची खरी अडचण होती. दोष दिसला आणि ते गप्प बसले, असं होणं नाही. एका लग्नात फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी मांडवाशी आली, तेव्हा वाजंत्रीच्या वरताण आवाजात हे म्हणाले, "एक सिलिंडर मेलाय हिचा!" मुलीकडच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "गावाचे दिवे इझवतात, पण ह्यांच्या तोंडाला बटणच नाय."

या तोंडापायी घरातच भडका उडाला. मामांची मुलगी वैशाली साजगावच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायची. डबे वाढले, रिक्षात मावेनात, उशीर होऊ लागला आणि कामगार दुसरीकडे वळू लागले. तिला स्वतःची गाडी हवी होती, जुनी का होईना. ती गाडी पसंत करून आणायची, आणि मामा चारचौघांत तिची लक्तरं काढायचे. एकीचा सेन्सर गेलेला, दुसरीची पाटी पुसलेली, तिसरीचा मालकच यांना आवडेना. शेवटी वैशाली कडाडली, "तुमची पसंती होईस्तोवर साजगावचे कामगार रिटायर होतील, बाबा!" आणि एके दिवशी यांना न दाखवताच ती गाडी घेऊन आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला नाही. बापलेकीचं बोलणं बंद झालं.

पुढच्याच आठवड्यात पळसदरीपाशी दिवा पेटला.

हे मला तिनंच सांगितलं. मी शेजारी, तिला लहानपणापासून खेळवलेला. "दादा, बाबांना कळलं तर सगळ्या दहिवलीला कळंल. तुमी बोलायचं नाय, शपथ हाय," असं म्हणून तिनं कपाळाची मोठी काळी मखमली टिकली काढली आणि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला. मी म्हटलं, धन्य आहेस बाई! स्कॅनरमामांच्या पोटी जन्मून दोषावर टिकली लावणारी ही एकटीच.

पुढे मामांना डोळे दाखवायला खोपोलीला जायचं होतं. मामींनी दोघांना दटावून एका गाडीत बसवलं आणि मध्यस्थ म्हणून मागे मला कोंबलं. गाडी निघाली. मामांची नजर थेट टिकलीवर. "ही कशाला?" वैशाली समोर बघत म्हणाली, "दिष्ट लागू नये म्हणून." मामा टिकलीकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "बरं केलंस." त्यावर पार खोपोलीपर्यंत हवापाण्याच्या गप्पा! मला हसू आवरेना. पंचक्रोशीचे दिवे वाचणाऱ्याला पोरीनं एका टिकलीत गुंडाळलं होतं, आणि डोळे खरंच दाखवायला झाले होते.

त्यानंतर मामा दर रविवारी तिची गाडी धुवायला लागले. ज्यांनी स्वतःच्या स्कूटरला कधी फडकं लावलं नाही, ते! एकदा बघतो तर बॉनेट उघडं आणि मामा कोपरापर्यंत आत. मी विचारलं, "मामा, गाडी आतून धुताय?" म्हणाले, "आतूनबी मळते रं ती. तू जा, चहा पी." मी गेलो आणि चहा प्यायलो.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. अंगणात अजूनही एखादी गाडी येऊन थांबते, आणि ओटा रिकामा बघून मुकाट्यानं वळते. मला फार चुकल्यासारखं होतं. आपलं खोटं इतक्या आनंदानं ऐकून घेणारा माणूस पुन्हा भेटत नाही.

डबे वाढत गेले तशी वैशालीनं टेंपो घ्यायचं ठरवलं. जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. "फसवून द्यायची नाय, दादा. दिवा दाखवूनच देणार," म्हणाली आणि नखानं टिकली काढली. चावी फिरवली. सगळ्या दिव्यांबरोबर तो पिवळाही पेटला. तिनं सुस्कारा सोडून गाडी सुरू केली आणि दिवा विझला. आम्ही बघत राहिलो. मग पळसदरीपर्यंत गेलो, तिथून खोपोलीपर्यंत गेलो. दिवा काही आला नाही.

"मी तर कुठल्या मेकॅनिकला हात लावू दिला नाय," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते रविवार आठवले असावेत, कारण तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"साऱ्या गावाला ओरडून सांगायचे," ती रडत म्हणाली. "मला एकदा सांगायचं होतं."

"तू भांडली असतीस."

"भांडले असतेच!"

घरी येऊन तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.