राजवायू आणि अळणी आमटी

आमटीत मीठ घालायचं काम माझ्याकडे होतं. मुलीच्या वाढदिवसाला बायको पुऱ्या तळत होती. तिने तीनदा सांगितलं, मी तीनदा "हो हो" म्हणालो आणि फुगे बांधायला गेलो. जेवताना माझी धाकटी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काय हो वहिनी, आम्हाला पथ्यावर ठेवलंय का?" सगळे हसले. बायकोचा चेहरा उतरला. मी मात्र छताला टेकलेल्या हेलियमच्या फुग्याकडे बघत गप्प बसलो.

हेलियम, निऑन, आर्गॉन यांना म्हणे राजवायू म्हणतात. कसले डोंबलाचे राजे! स्वतःचं पोट भरलेलं, त्यामुळे कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही, सहसा कुणात मिसळायचंही नाही. आणि वर खानदानी म्हणून मिरवायचं. त्यांच्यापेक्षा सोडियम शंभर पटींनी बरा. पाणी लागलं की भडकतो, पण जवळचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, तेव्हा कुठे मीठ तयार होतं. लोखंडसुद्धा बिचारं ओल्या हवेशी संबंध ठेवतं आणि गंजतं. हा हेलियम मात्र वर टेकून नुसता आमची फजिती बघत होता. असल्या कोरड्या सभ्यपणाची मला अगदी शिसारी आली.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसता पुसता मी हे सगळं बायकोला तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"फुग्याला तोंड नव्हतं हो," ती म्हणाली, "तुम्हाला होतं. आता लावा बहिणीला फोन, आणि मीठ कोण विसरलं ते सांगा."