सिडकोवालीची फणी

या, अशा जवळ येऊन बसा. दारात काय बसता परक्यासारखं? मागच्या खेपेला चहा अर्धा ठेवून उठलात, "येते हं परत लवकर" म्हणालात, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. तुम्हालाच काय बोलू म्हणा. हे "येते हं" मीही लई वापरलंय, अकरा वर्षं, एकाच माणसाला. त्याचंच सांगते. खुर्ची सरकवा इकडं, मला आता मोठ्यानं बोलवत नाही.

त्या माणसाला आम्ही सगळ्या मामू म्हणायचो. नाव होतं, चांगलं लांबलचक होतं, पण ते पगाराच्या कागदावर. मामू कुणाच्या घरी स्वेटरचं मशीन बघायला आले की आधी चपला काढायचे, खिशातून फडकं काढून हात पुसायचे आणि मशीनवरची गाडी एकदा डावीकडून उजवीकडं रिकामीच ओढायचे. डोळे मिटून. खर्रर्र असा आवाज यायचा. तो संपला की डोळे उघडून म्हणायचे, "बोलती है अभी."

तुमच्या पिढीनं ते मशीन चालताना पाहिलं नसंल. दोन हात लांब लोखंडी पट्टी, टेबलाला आवळलेली. तिच्यात शे-दीडशे सुया, दात काढून बसल्यासारख्या. त्यांच्यावरून दांड्याची गाडी एकदा ओढली की स्वेटरची एक ओळ तयार. आमच्या औरंगाबादेत थंडी ती केवढी, दीड महिन्याची. पण त्या दीड महिन्यासाठी शाळेची पोरं निळे, मरून स्वेटर घालायची, आणि ते घरोघरी बायका विणायच्या. मीसुद्धा विणले. सिडको नवं नवं वसत होतं, रस्ते मातीचे, आणि दुपारी गल्लीतून चाललं की तीन घरांतून खर्रर्र ऐकू यायचं.

मामू एसटीच्या वर्कशॉपात मिस्तरी. राहायला बेगमपुऱ्यात, विधवा बहिणीसोबत. त्या बहिणीला सगळं जग आपा म्हणायचं. आपांचं मशीन अडलं, ते मामूंनी उघडलं, आणि बसच्या इंजिनात आयुष्य घालवलेल्या माणसाला ह्या बारीक सुयांचं वेड लागलं. लग्न केलं नव्हतं. लोक विचारायचे, "मामू, बायकांचं मशीन घेऊन काय करता?" तर म्हणायचे, "बस दिवसभर ओरडती. ही हळू बोलती."

पुढं तयार स्वेटर आले, गुलमंडीवर ढिगानं मिळायला लागले. मशीनं बंद पडली. कुणी त्यावर पापड वाळत घातले, कुणी गाद्या रचल्या. मामूंनी तेव्हापासून जुनी मशीनं गोळा करायला घेतली. शहागंजच्या भंगारात बसायचे, छावणीच्या बाजारात फिरायचे, सुट्टीच्या दिवशी खेड्यांत जायचे. चितेगावला एका घरी मशीनच्या स्टँडला शेळी बांधलेली सापडली. मालक म्हणला, "न्या की, पण माझी शेळी कुठं बांधू?" मामू तसेच परत आले. पुढच्या रविवारी वर्कशॉपात ठोकून आणलेली लोखंडी मेख घेऊन गेले, स्वतः अंगणात पुरली, शेळी तिथं बांधली, आणि मगच मशीन उचललं.

ही मशीनं ते पुन्हा विकत नव्हते. दुरुस्त करायचे, तेल द्यायचे, वर चादरीचं झाकण शिवून घालायचे आणि ठेवायचे. आपल्याकडं सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात ना, तशी नावं. करमाडवाली. छावणीवाली. चितेगाववाली. आणि ज्या घरून आणली ते तिचं माहेर. नेताना त्या घरच्या बाईच्या हातात एक कोरं पोस्टकार्ड द्यायचे. "पत्ता लिहा बाई, तुमच्या हातानं." थंडी पडली की ते कार्ड त्या बाईकडं परत यायचं. पत्ता तिच्याच अक्षरात, आणि मागं मामूंच्या अक्षरात एकच ओळ: लेक खुशाल आहे, सवडीनं भेटून जावे. पुढच्या वर्षीपासून पत्ताही तेच लिहायचे.

मामूंच्या अक्षराला वरची रेघ नसायची. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मिसरूड फुटलेलं. मराठी अक्षरं त्यांनी वर्कशॉपात लागल्यावर गिरवली. मी एकदा विचारलं, "मामू, रेघ का देत नाही?" तर म्हणाले, "रेघ मारत बसलो असतो तर गाड्या कधी सुटल्या असत्या?"

आता माझं सांगते. माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, गाडी ओढवेना. शाळेची ऑर्डरही गेलेली. मशीन सहा हिवाळे चादरीखाली पडून होतं. धाकट्याचं लग्न ठरलं, खोली मोकळी करायची निघाली, आणि तो म्हणाला, "आई, भंगारवाल्याला देऊन टाकू." त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. शेजारच्या कुमुदवहिनी मग म्हणाल्या, "अहो, मामूंना द्या. माझं त्यांच्याकडंच आहे, मी दर हिवाळ्यात जाऊन येते."

मामू येणार त्याच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं. कुणाला सांगितलं नाही, आमच्या घरच्या मालकांनाही नाही. मशीनची फणी काढली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

फणी म्हणजे काय, तर लोखंडी कंगवाच. विणायला सुरुवात करताना ती सुयांच्या मधून वर घालायची, पहिले टाके तिच्यात अडकवायचे आणि तिला वजनं लटकवायची. तिच्या ओढीनं विणकाम खाली उतरतं. फणी नसली तर गाडी कितीही ओढा, टाके सुयांवरच गोळा होतात. एवढं मला माहीत होतं, म्हणूनच ती काढली. मशीन दिलं, पण माझ्यावाचून दुसऱ्या कुणाच्या हाती ते सुरू होऊ नये, असं वाटलं. लेक द्यायची आणि तिच्या पेटीची किल्ली आपल्याच कमरेला ठेवायची, तसलं ते वागणं.

मामू आले. चपला काढल्या, हात पुसले, गाडी ओढली. "बोलती है अभी." मग एकेक भाग फडक्यावर मांडला. वजनं, तार, सुयांची डबी. आणि थांबले.

"फणी, बाई?"

"हरवली असंल," मी म्हणलं. "बघते. सापडली की देते."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मी पदर नीट करायला लागले. "सापडंल," ते म्हणाले. "घाई नक्को." आणि पोस्टकार्ड पुढं केलं.

त्या थंडीत कार्ड आलं. माझंच अक्षर पाहून मीच दचकले. मागं तीच ओळ, फणीचा शब्द नाही. मला मात्र त्या ओळीत फणीच दिसली. वाटलं, गेले तर पहिलं तेच विचारतील. रिकाम्या हातानं जायची सोय नाही, आणि घेऊन जावं तर खोटं उघडं पडतं. सिडको ते बेगमपुरा कितीसं ते. पण नाही गेले.

गुलमंडीवर कधी गाठ पडायची. "लेक बरी है, बाई. कधी येता?"

"येते की. घरात पाहुणे आहेत जरा."

"पाहुण्यांनाबी आणा."

दर वर्षी कार्ड यायचं, आणि दर वर्षी कुमुदवहिनी जाऊन यायच्या आणि तिथल्या गोष्टी सांगायच्या. गंगापूरवालीची ही त्यांच्याकडूनच ऐकलेली. तिची मूळ मालकीण उसाच्या मळ्यातली, म्हातारी झालेली, गुडघे गेलेले. तिला येता येईना, म्हणून मामू मशीनच गोधडीत गुंडाळून एसटीनं गंगापूरला घेऊन निघाले. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "मामू, हे काय?"

"लेक है. माहेरला चालली."

"किती वर्षांची?"

"अठरा."

"मग अर्धं नाही चालायचं, पूर्ण तिकीट पडंल."

मामूंचा स्वतःचा पास होता. त्यांनी लेकीचं पूर्ण तिकीट काढलं आणि तिला खिडकीशी बसवलं. लासूरला जाणारा एक जण त्या गाडीत चुकून चढला होता, तो वाटेत जागेवरून भांडला. मामूंनी त्याला तिकीट दाखवलं.

म्हातारीनं ओसरीवर बसून चार बोटं विणलं. मामू निघाले तेव्हा तिनं थांबवलं, कुंकवाची कोयरी आणली आणि मशीनची ओटी भरली. तांदूळ, खारीक, गुळाचा खडा, हिरवा खण. मामू नमाजी माणूस, पण त्यांनी हात पुढं करून सगळं नीट घेतलं. तांदळाची खीर आपांनी केली. खण अजून गंगापूरवालीच्या झाकणाखाली आहे, मी स्वतः पाहिलाय.

कुमुदवहिनींकडून हे ऐकलं की मी हसायचे, आणि त्या आपल्या घरी परतल्या की ट्रंक उघडून लुगड्यावरून हात फिरवायचे. फणी जागच्या जागी असायची. म्हणायचे, पुढच्या थंडीत.

मग कुमुदवहिनी लेकाकडं पुण्याला गेल्या, कायमच्या. तिकडची खबर देणारं कुणी उरलं नाही. आणि एका हिवाळ्यात कार्ड आलं नाही. म्हणलं पोस्टाचा घोळ असंल. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, तरी नाही. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उपसली, फणी काढली, तिला गंज चढला होता तो राखेनं घासला, पिशवीत घातली आणि रिक्षा केली. रस्ताभर बोलायचं पाठ करत होते. "मामू, हरवली नव्हती. मीच ठेवली होती." बेगमपुऱ्याच्या मकाई दरवाज्यापर्यंत दहा वेळा म्हणून झालं.

दार आपांनी उघडलं. पांढरी ओढणी, डोळ्याला जाड चष्मा. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "सिडकोवालीची आई ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"या. भाई तर दिवाळीच्या आधीच गेले. झोपेतच. कार्डं आणून ठेवली होती, लिहायची राहिली."

आत खोलीत चौदा मशीनं, दोन रांगांत, झाकणं घातलेली. शाळेतल्या मुली वाटत होत्या. आपांनी खिडकीजवळचं झाकण काढलं. माझं मशीन. एकही सुई वाकडी नाही. आणि त्याच्याखाली वीतभर निळं विणकाम लटकत होतं, सैल नाही, घट्ट नाही, सरळ खाली उतरलेलं.

मी खाली वाकून पाहिलं. त्याला फणी होती. छत्रीच्या काड्या सारख्या मापाच्या कापून एका पट्टीला झाळलेल्या. टोकं घासून गुळगुळीत केलेली.

"ही तर त्यानं पहिल्याच आठवड्यात केली," आपा म्हणाल्या. "मी म्हणलं, भाई, एवढी खटपट कशाला, बाईंकडून मागून आण की. तर म्हणाला, मागितली तर कुणाच्या तरी हाती पाठवून देतील, मग कशाला येतील त्या? राहू दे त्यांच्याकडं. फणी त्यांच्याकडं आहे तोवर त्या कधीतरी येतीलच."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. अकरा वर्षं तो माणूस त्या फणीच्या भरवशावर माझी वाट पाहत होता, आणि अकरा वर्षं मी त्याच फणीपायी गेले नव्हते. हे आपांना कसं सांगायचं? नाही सांगितलं. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय.

पाठ केलेलं काही बोलले नाही. फणी काढून आपांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "चला, आली एकदाची." मग म्हणाल्या, "विणता का थोडं?"

"खांदा गेलाय माझा."

"माझा डावा गेलाय. तुमचा कुठला?"

"उजवा."

मग मशीनच्या दोन टोकांना दोघी बसलो. त्यांच्या बाजूला त्यांनी ओढायचं, माझ्या बाजूला मी. मामूंची छत्रीची फणी तशीच राहू दिली. सात-आठ ओळी झाल्या. आपा गाडी ओढताना डोळे मिटत होत्या.

त्यानंतर मी दर आठवड्याला जायचे. त्या थंडीतली राहिलेली कार्डं मी लिहिली, आपा पत्ते सांगायच्या. काही बायका आल्या, काहींच्या लेकी आल्या, कुणी आपापलं मशीन घरी घेऊन गेलं. आपा गेल्यावर उरलेली पाच माझ्या धाकट्यानं टेम्पो करून इथं आणली. हो, तोच, भंगारवाला म्हणणारा. आता मागच्या खोलीत आहेत. गंगापूरवाली आहे, शेळीवाली आहे. माझं खिडकीशी आहे, आणि त्याला दोन फण्या आहेत.

पोस्टकार्डं हल्ली मिळत नाहीत सहजी, पण मी मिळवते आणि थंडी पडली की लिहिते. रेघ देते वर, मला सवय आहे. एक शब्द मात्र मी मामूंचा घेतलेला नाही. ते "सवडीनं" लिहायचे. मी तो गाळते.

तेव्हा आता उठू नका लगेच, आणि उठलात तर "येते हं" एवढंच म्हणून जाऊ नका. ह्याच थंडीत या. कुणाचं काही परत द्यायचं राहिलं असलं, तरी या. ते आणायला विसरलात, तरी या.