पिवळा ठिपका

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. 'नव्हता' असं लिहायला हवं बहुतेक... ते शेवटी ठरवू. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. सहा लेथ, अकरा माणसं. कामगार दर शनिवारी लेथला लिंबू-मिरची बांधतात. एकदा मी त्यातली मिरची सोडवली आणि सगळ्यांच्या देखत भाकरीबरोबर खाल्ली. असा माणूस आहे मी. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही, एवढाच माझा धर्म.

तर गाडी माझ्या मामांची. साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी, कंपनीचं नाव घेत नाही. चोवीस वर्षं मामांच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या दिवाळीनंतर मी मागितली. मामा म्हणाले, "ने. माझ्या डोळ्यांपुढं नगं ती."

अख्खं इंजिन उघडलं. सिलिंडर बोअर केला, नवा पिस्टन घातला. इंजिनाच्या बुडाला ऑइल काढायचा जो बोल्ट असतो – ड्रेन प्लग – तो जुना हरवलेला होता, म्हणून माझ्याच लेथवर नवा बनवला. हे लक्षात ठेवा, नवा बनवला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा सगळं शॉप टाळ्या वाजवत बाहेर आलं. मीही जरा फुगलोच.

दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. कोल्हापुरातून शिरोलीपर्यंत गाडी मस्त यायची आणि माझ्या शॉपच्या गेटमध्ये बंद पडायची. दररोज, गेटच्या बरोब्बर त्याच फरशीवर. बाहेर जाताना काही नाही, फक्त आत येताना. दहा पावलं आत ढकलली की एका किकला चालू!

मी हसत होतो सुरुवातीला. स्पार्क प्लग बदलला. कार्बोरेटर तीनदा साफ केला. कंडेन्सर, कॉइल, पॉइंटमधला गॅप, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक... सगळं झालं. इंजिन तापल्यामुळे होतं म्हणावं, तर एकदा मुद्दाम पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणली, वाटेत एकदाही आचका दिला नाही. गेटमध्ये आली आणि गप्प. बारा दिवस हे चाललं होतं. "साहेब, गेटला एक नारळ फोडू या की," असं एक ऑपरेटर म्हणाला, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की बिचारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ओरडलो, कारण त्या फरशीवर पूर्वी काय असायचं ते मला माहीत होतं. तिथं एक लोखंडी स्टूल असायचं, आणि त्यावर दस्तगीर मिस्त्री बसायचे. माझ्या गेटवर नऊ वर्षं वॉचमन होते. दोन वर्षांपूर्वी वारले.

आता जे लिहितोय ते मी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

डिप्लोमा झाल्यावर मी वर्षभर उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात काम शिकलो. मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे. त्यांची एक पद्धत होती. पिवळ्या ऑइल पेंटचा एक छोटा डबा असायचा. बोल्ट पान्यानं पक्का आवळला की त्यावर ब्रशनं एक ठिपका द्यायचा. "ठिपका दिसला की परत पाना लावायचा न्हाय," ते म्हणायचे. "ज्यानं ठिपका दिला त्याच्यावर इस्वास." दुसरी सवय म्हणजे गाडीला हात लावण्याआधी ते खाली उकिडवे बसायचे आणि बुडाकडून इंजिन बघायचे. आम्ही पोरं हसायचो.

मामांची गाडी त्यांच्याकडेच असायची. एका शुक्रवारी इंजिनाचं काम उरकलं आणि मिस्त्री नमाजाला निघाले. जाताना म्हणाले, "संजू, खालचा प्लग आवळ, ठिपका दे, ऑइल भर." त्या दुपारी आमच्या पेठेच्या टीमची फुटबॉल मॅच होती. दोस्त रस्त्यावरून हाका मारत होते. मी प्लग बोटांनी फिरवून बसवला, ऑइल ओतलं, ठिपका दिला आणि पळालो. परत आल्यावर पाना लावू म्हटलं. मी यायच्या आत मिस्त्री परतले, खाली बसून बघितलं, ठिपका दिसला आणि त्यांनी गाडी मामांच्या हवाली केली.

जोतिबाच्या घाटात प्लग गळून पडला, ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मामांचा पाय दोन ठिकाणी मोडला. आजही लंगडतात.

महिन्याभरानं मामा कुबड्या घेऊन गॅरेजवर आले. गॅरेजासमोर चहाचा गाडा होता, सगळी मिस्त्री मंडळी तिथं असायची. मामा तिथंच उभे राहून ओरडले, "दस्तगीर, प्लगला पाना लावलावतास का न्हाईस?" मी मिस्त्रींच्या शेजारी उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही... जरा वेळ वाट बघितल्यासारखं. मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "चुकलं माझं, पाटील."

मामांनी गावभर केलं. वर्षा-दीड वर्षात गॅरेज बंद पडलं. अकरा वर्षांपूर्वी मिस्त्री माझ्याकडं आले, "काय काम असलं तर बघ की, संजू." मी त्यांना गेटवर बसवलं. मशीनवर नाही घेतलं, कारण त्यांचं नाव खराब झालेलं होतं ना! खराब करणारा मीच, आणि हा विचार करणाराही मीच. वर, 'गुरूला सांभाळलं' म्हणून एका कार्यक्रमात लोकांनी मला शाल दिली. मिस्त्री तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ती शाल मी घेतली हो. घरी आणून कपाटात ठेवली.

तेराव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, गाडी पुन्हा गेटमध्ये बंद पडली. मी वैतागून किक मारत सुटलो, मग दमलो आणि का कोण जाणे, तिथंच उकिडवा बसलो. त्या जागी पहिल्यांदाच बुडाकडून बघितलं.

ड्रेन प्लगवर पिवळा ठिपका होता.

मी पिवळा रंग शॉपमध्ये ठेवतच नाही. चोवीस वर्षांत एकाही बोल्टवर ठिपका दिलेला नाही. प्लग माझ्या हातचा, नवा, आणि दोनच दिवसांपूर्वी ऑइल बदलून मी तो पान्यानं आवळला होता, अंगचा सगळा जोर लावून. हात लावला तर बोटांनी फिरला. अर्ध्या आट्यावर लटकत होता, एक थेंब ऑइल खाली आलेलं. आणि माझ्या बोटाला रंग लागला. ओला.

कोणा कामगाराची चेष्टा म्हणाल, तर त्या प्लगवरच्या खोट्या ठिपक्याची गोष्ट जिवंत माणसांत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. घाबरलो असं म्हणणार नाही. चोरी पकडल्यावर पोराचं होतं तसं झालं.

दुपारी मामांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बराच वेळ पायावरून हात फिरवत बसले. म्हणाले, "आता सांगतोयस व्हय? मी किती बोललो त्या माणसाला..." आणि मला शिव्या देतील म्हणून मी थांबलो, तर ते उठून आत गेले.

मग चाचींकडं, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोकडं गेलो. मला वाटत होतं, मिस्त्रींनी त्यांना तरी सांगितलं असेल. त्या म्हणतील, ठाऊक होतं रे, जाऊ दे. मनातनं त्याच आशेनं गेलो होतो, हेही कबूल करतो.

चाचींना काहीच माहीत नव्हतं.

"मी बी त्यास्नी बोललेली," त्या म्हणाल्या. "गॅरेज गेलं तवा. तुमच्या हातानं घर बुडालं म्हटलेली. जेवत हुते. ऐकून घेतलं न् ताट बाजूला सारलं." थोड्या वेळानं त्यांनी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढायला लावली. पेटीत तो डबा होता. झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटावं लागलं. आत रंग सुकून तडकलेला, ब्रश त्यातच चिकटून दगड झालेला.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. "तुजा मामा चहाच्या गाड्यावर उभा ऱ्हाऊन बोललेला. तू माज्या घरात बसून हळू सांगतोयस."

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. मामा स्वतःहून आले, त्याच गाडीवर माझ्या मागं बसून. त्याच चहाच्या गाड्यावर उभा राहून मी मोठ्यानं सगळं सांगितलं. पंधरा-वीस जण होते, बहुतेक नवीन पोरं. एकानं विचारलं, "कोण दस्तगीर, पावणं?" एकटे जुने स्पेअर पार्ट्सवाले काका ओळखीचे निघाले. हातातला चहा तसाच धरून ते म्हणाले, "मी बी माजी गाडी काढून घेतलीवती त्यांच्याकडनं."

त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. प्लग तोच आहे, सैल झालेला नाही. तो कसा सुटला, रंग कुठून आला, आणि त्या एकाच फरशीवर इंजिन का थांबायचं, याचं कारण मला सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

गेटपाशी आलो की आता इंजिन मीच बंद करतो. उतरतो आणि गाडी ढकलत आत नेतो.