माळशेजचा चढ

मुलगा जिवंत परत आला म्हणून लोक माझ्यासमोर देवाचे आभार मानायचे आणि मी मान डोलवायचो. मनात मात्र ते शब्द टोचत राहायचे. माझा मधू फौजेत होता. नव्वदचं दशक सरताना सीमेवर गस्त घालताना सुरुंग फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. पुण्याच्या लष्करी रुग्णालयातून आम्ही त्याला किन्हवलीला घरी आणलं, तेव्हा तो पंचविशीचा होता. गावानं त्याला हार घातला, चार दिवस दारात गर्दी केली आणि मग भातलावणीची वेळ झाली तसे सगळे आपापल्या शेतांवर गेले. मधू ओटीवर भिंतीला पाठ लावून बसून राहिला.

मी पोस्टमन होतो. सायकलवरून गावोगाव टपाल वाटण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या घरात दत्ताची उपासना वडिलांपासून चालत आलेली. पण मधू परत आल्यानंतर तसबिरीपुढे उभं राहिलं की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. काय मागायचं? डोळे तर येणार नव्हते. मग मी उभं राहणंच सोडलं. दिवा त्याची आई लावायची. मी त्या वेळी गोठ्याकडे निघून जायचो.

एका दुपारी मधू चाचपडत परसातल्या विहिरीपर्यंत गेला. त्याच्या आईनं पाहिलं आणि ती हंबरडा फोडून धावली. "पाणी प्यायला आलो होतो," तो म्हणाला. आम्ही दोघांनीही ते खरं मानल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मी त्याला एकटं सोडलं नाही. मोरीत जायचं असो की अंगणात, त्याचं मनगट माझ्या हातात. तो काही बोलायचा नाही. त्याचं मनगट फक्त दिवसेंदिवस बारीक होत गेलं.

अशात पुढच्या उन्हाळ्यात एकदा भोसले सुभेदार जीप करून आमच्याकडे आले. हे साताऱ्याकडचे. रुग्णालयात मधूच्या शेजारच्या खाटेवर होते, त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला. बरोबर एक काळा, थोराड कुत्रा होता. कुबडी पडली की तो उचलून द्यायचा, दार ढकलून उघडायचा. मला वाटलं, असेल काहीतरी सर्कशीतलं शिक्षण. आम्ही चहा घेत होतो, तोच गावातून लग्नाची वरात निघाली आणि फटाक्यांची माळ कडाडली. मधू भिंतीशी मुटकुळं करून बसला, दोन्ही हात डोक्यावर. सुभेदारांचीही कपबशी हातातून निसटली, चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा तो कुत्रा उठला, सुभेदारांच्या मांडीवर त्यानं आपलं डोकं ठेवलं आणि सगळा भार टाकून तसाच उभा राहिला. हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला. मग ते सरकत सरकत मधूजवळ गेले, त्याचा हात धरून कुत्र्याच्या मानेवर ठेवला. मधूनं तो किती तरी वेळ काढला नाही.

सुभेदार म्हणाले, "दादा, असे कुत्रे शिकवायला लई खर्च येतो. आपल्यासारखी जायबंदी पोरं गावोगाव बसून आहेत. आम्ही काही माजी सैनिक कल्याणपासून बेळगावापर्यंत सायकलनं जाणार आहोत. वाटेत गावागावांत लोकांना सांगायचं, मदत गोळा करायची. मधू, येतोस का?"

"मी? डोळ्यांशिवाय?"

"पायडल मारायला डोळे कशाला लागतात? पुढं डोळेवाला बसंल."

"कोण बसेल पुढे?"

"मी बसेन," मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही. इतक्या दिवसांत मधूनं काही विचारलं, एवढंच मला कळलं होतं.

शहापूरच्या एका सायकलवाल्यानं दोन जुन्या सायकली जोडून एक लांब सायकल करून दिली. हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात, पायडल दोघांना. आम्ही सरळगावच्या रस्त्यावर सराव करू लागलो. आधी पडलो, पोरं हसली. मग जमलं. त्याच्या आईला मात्र हे पटलं नव्हतं. "डोले गेले माज्या पोराचे, आता काय त्याचा जीव घेताव काय? घाटात नका नेव त्याला," ती म्हणाली. मी चिडून म्हणालो, "मग काय, ओटीवरच मरू दे?" निघायच्या सकाळी तिनं आम्हा दोघांच्या कपाळांना अंगारा लावला. मी तो मुकाट्यानं लावून घेतला.

भातकापणीचे दिवस होते. कल्याणहून आलेल्या सैनिकांना आम्ही मुरबाडला जाऊन मिळालो. बाजारपेठेत लोकांनी स्वागत केलं. मधूला दोन शब्द बोलायला सांगितलं, त्याला बोलता आलं नाही. टोकावडे, मोरोशी मागे पडलं आणि माळशेजचा चढ लागला. तरणी माणसं भराभर पुढे गेली. सुभेदारांची जीप माथ्यावरच्या जेवणाची व्यवस्था बघायला पुढे गेलेली. "आम्ही येतो सावकाश," असं मीच त्यांना सांगितलं होतं.

चढ अर्धा झाला असेल. छातीत काही तरी आवळल्यासारखं होऊ लागलं. वाटलं, वय झालं, दम लागला. मग डावा हात जड झाला. मी कशीबशी सायकल कठड्याशी आणली आणि आम्ही दोघेही उतरलो, म्हणजे मी कोसळलोच. एका बाजूला दगडी कठडा, त्यापलीकडे खोल दरी. मधू "बाबा, बाबा" करत हवेत हात फिरवत होता. माझ्या मनात स्वतःच्या मरणाचं भय नव्हतं. हा इथे या वळणावर एकटा राहणार, एक पाऊल चुकलं की संपलं, याचं भय होतं. त्याचं मनगट मी धरलं खरं, पण बोटांत जीव राहिला नव्हता. ती सुटत चालली. तेव्हा इतक्या महिन्यांनी मी दत्ताला हाक मारली. मागणं असं नव्हतंच ते. "माझ्याच्यानं होत नाही आता. हा तुझा." एवढंच मनात आलं, आणि हात सुटला.

पुढचं मला मधूनं सांगितलं.

त्यानं आधी गाड्या थांबवायचा प्रयत्न केला. चढावर ट्रक सहसा थांबत नाहीत. त्यात आवाज डोंगरावर आपटून फिरतो, त्यामुळे गाडी कुठून येतेय हे त्याला कळेना. गाडी निघून गेल्यावर त्याचा हात वर व्हायचा. दारू प्यायलेला समजून एकानं शिवीही दिली. तो माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघत राहिला. तो म्हणतो, तेव्हा त्याला विहीर आठवली. उठून कठडा ओलांडायचा, बस. आणि त्याच वेळी वरच्या अंगानं कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं.

रानातलं नव्हे, राखणीच्या कुत्र्याचं भुंकणं. ते एका जागेवरून येत होतं. जिथे राखण आहे तिथे माणसं असणार, एवढं त्याच्या ध्यानात आलं. ज्याला अंगणात जायला माझा हात लागत होता तो पोरगा कठड्यावर हात घासत, ठेचकाळत वर चढत गेला. कठडा संपला तिथे तो गुडघ्यांवर बसून रांगत गेला. पुढच्या वळणावर मोकळ्या जागेत धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, उतरला होता. दिवाळीच्या सुमाराला हे लोक मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरतात.

धनगरानं विचारलं नाही की कोण, कुठला. त्यानं मधूला धरलं आणि पळत खाली आणलं. त्याची बायको पाणी घेऊन आली, तिनं माझी छाती चोळली. धनगरानं एका ट्रकला हात केला, तो थांबला नाही. मग त्यानं एक लांब आरोळी दिली आणि त्याची माणसं वरून सगळा कळप हाकत आली. त्यांनी मेंढरं रस्त्यावर आडवी घातली. अख्खा घाट लोकरीनं भरून गेला. वरून एसटी आली ती करकचून थांबली. ड्रायव्हर ओरडायला खाली उतरला आणि मला बघून धावत आला. प्रवाशांनीच मला उचलून आत घेतलं.

मधूला गाडीत चढवताना ती बाई म्हणाली, "आम्ही पहाटंच खाली उतरणार व्हतो, बाबा. एक मेंढी अडली म्हून थांबलो. कोकराच्या वासानं रानातलं जनावर फिरतंय म्हून कुत्रं भुकतंय सकाळधरनं."

मुरबाडच्या दवाखान्यात मी शुद्धीवर आलो तेव्हा मधू खाटेशेजारी बसून हे सगळं बोलत होता. त्याचे दोन्ही तळहात सोलवटलेले. त्याची आई पलीकडे बसून पदरानं डोळे पुसत होती. एवढं बोलणं तिनं त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं. सगळं सांगून झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "बाबा, ते लोक ओतूरला थांबलेत. सुभेदार म्हणतात पुढं दुसरा माणूस बसेल. जाऊ का?"

माझं मन नाही म्हणत होतं. मी त्याच्या आईकडे बघितलं. तीच म्हणाली, "जा रे. पन खाऊन जा."

तो बेळगावपर्यंत गेला. मी घरी आलो तो अर्धा माणूस होऊन. काळीज दुबळं झालं, सायकल कायमची सुटली. आता ओटीवर भिंतीला पाठ लावून मी बसू लागलो.

गोळा झालेल्या मदतीतून शिकवलेले कुत्रे थोडेच होते. मधूची पाळी आली आणि त्यानं ती साताऱ्याकडच्या एका जवानाला दिली. त्या जवानाला घराबाहेरच पडता येत नव्हतं. मी त्याच्यावर ओरडलो. "मग आपण हे सगळं कशासाठी केलं? मी घाटात पडलो कशासाठी?" तो शांतपणे म्हणाला, "मला वाट सापडली ना बाबा. त्याला नाय सापडलेली." त्यानंतर तो पुण्याजवळ, जिथे हे कुत्रे शिकवतात तिथे कामाला गेला. त्यांना खायला घालतो, अंग पुसतो, त्यांच्याबरोबर चालतो. घरात आम्ही दोघंच राहिलो. मी देवाकडे मुलगा सांभाळायला दिला होता, त्यानं तो सांभाळला, पण माझ्याजवळ ठेवला नाही. हे पचायला फार वेळ लागला. अजूनही सगळं पचलंय असं नाही. काही संध्याकाळी घर खायला उठतं.

आताशा दिवा मीच लावतो. हात जोडून उभा राहतो, पण मागायला काही सुचत नाही. त्या धनगराला नंतर दोन हिवाळे शोधलं. मोरोशीपर्यंत जाऊन चौकशी केली, तो काही भेटला नाही. त्या अडलेल्या मेंढीचं आणि माझं काय नातं, हेही मला सांगता येणार नाही. सांगायचा प्रयत्नही करत नाही.

गेल्या खेपेला मधू आला तेव्हा मी ओटीवर होतो. नाक्यावर एसटी थांबली आणि तो पांढरी काठी घेऊन एकटाच उतरला. रस्त्यात बैलगाडी उभी होती. तो तिच्या दिशेनं येत होता. "उठा ना, हात द्या त्याला," त्याची आई म्हणाली. माझे पाय उठू बघत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. काठी गाडीच्या चाकाला लागली. तो थांबला, चाक चाचपलं, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि वळसा घालून आमच्या दाराकडे चालू लागला.