पडता सत्तूर

सकाळी दोघा मामांच्या मटणाच्या दुकानात सत्तूर, दुपारी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी. बारकीनं ही तारेवरची कसरत शेवटच्या वर्षापर्यंत निभावली. अडचण एकच. हातून सुरी सुटली की हात वर करून मागे उडी मारायची, धरायला जायचं नाही, हा दुकानाचा नियम. तो तिच्या हाडीमाशी इतका खिळला होता की प्रयोगशाळेत फ्लास्क निसटला तरी बाईसाहेब हात वर करून मागे! काचेचा चुरा व्हायचा, वर्ग खिदळायचा, शिकवणाऱ्या बाई डाफरायच्या. शेवटी हट्टानं तिनं पडती वस्तू झेलायची सवय लावून घेतली. नको तिथे शहाणपण!

अखेरच्या प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. 'नापास झालीस तर शिक्षण बंद, दिवसभर दुकान,' असं थोरल्या मामानं बजावलं होतं. ती निघणार, तेवढ्यात थोरल्यानं फ्रीजर पाहिला. धाकट्यानं दार उघडंच टाकलं होतं. सगळा माल नासला होता.

"डोळे फुटले होते का तुझे?" थोरल्यानं त्याच्या कानशिलात भडकावली.

धाकट्यानं थोरल्याचं तोंड मटण तोडायच्या ओंडक्यावर आपटलं. दात पडला. थोरल्यानं रक्त थुंकत त्याच्या पोटात लाथ घातली, पुन्हा तिथेच घातली. एका आईच्या पोटचे दोघे, पण हाडकावरून कुत्रीसुद्धा अशी भांडत नाहीत. धाकट्यानं सत्तूर उगारला.

"मामा, नको!" बारकीनं त्याच्या मनगटावर फटका मारला. सत्तूर सुटला.

आणि तिनं तो झेलला. उजव्या हातानं, पात्याकडून.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणे! तिसरीचा तळहात उभा चिरला होता.

"अगं, हात वर करायचे ना!" थोरला रडत ओरडला.

"दवाखान्यात चल," धाकटा म्हणाला.

"परीक्षा झाल्यावर. आणि अंगाला हात लावू नका माझ्या, दोघांनीही!" तळहाताला फडकं आवळून ती चालू पडली.

"घरी जा," फडकं पाहून बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दे."

"पुढचं वर्ष नाहीये मला, बाई."

बाई बाजूला झाल्या. बारकीनं डाव्या हातानं ब्युरेटच्या काचनळीची तोटी फिरवली. थेंब थेंब पडत राहिला आणि अखेर फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी झालं. तो रंग बाईंना दाखवला की सुटली. तिनं फ्लास्क उचलला, आणि घामेजल्या डाव्या हातातून तो निसटला.

उजव्या हातानं तिनं झेलला. अशी किंकाळी फोडली की अख्खा वर्ग उभा राहिला.

बाईंनी रंग पाहिला, मान डोलावली. मग फडक्यातून मनगटावर उतरलेलं रक्त पाहिलं.

"झालं, पोरी. सोड आता."

बारकीची बोटं उघडेनात.